हवालदारांच्या टायरचं एकच पंक्चर

आमच्या आळीत मोटारसायकल चालवणारे बरेच होते, पण मोटारसायकलवर नुसते उभे राहणारे एकटे जोतीराम धनावडे हवालदार. सकाळी नळाला पाणी यायचं, बायकांच्या घागरींची रांग लागायची, आणि रांगेच्या शेजारी हवालदार आपल्या जुन्या राजदूतवर, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून, इंजिन बंद करून, ब्रेक दाबून उभे असायचे. गाडी जागची हलायची नाही आणि पडायचीही नाही. गावात नवी सून आली आणि तिनं हे पहिल्यांदा पाहिलं, की तिची घागर हमखास भरून वाहायची. कुणी विचारलंच तर हवालदार मान न वळवता म्हणायचे, "प्रॅक्टिस." मान वळवली असती तर तोल गेला असता.

फौजेत ते सिग्नलच्या पलटणीत होते. डोंगरातल्या चौक्यांवर मोटारसायकलवरून टपाल पोचवायचं काम. तिथंच त्यांना ट्रायलचा नाद लागला. ट्रायल म्हणजे स्पर्धाच, पण आपण समजतो तसली नव्हे. हिच्यात पहिलं कोण आलं याला काही किंमत नाही. ओढ्यातले दगडगोटे, कातळ, चढ, निसरडी उतरण असा एकेक टप्पा दोरी बांधून आखलेला असतो. तो गाडीवरून पार करायचा, आणि पाय जमिनीला लावायचा नाही. पाय टेकला की दंडाचा गुण. ज्याच्या नावावर दंड कमी, तो जिंकला. सगळं गाव मोटारसायकल पळवायला शिकत होतं तेव्हा हवालदार ती न पळवायला शिकून आले होते, आणि गावाला हे समजावून सांगता सांगता त्यांची पेन्शन सुरू झाली.

माणूस सरळ. मिशी सरळ, शर्टाची इस्त्री सरळ, घराकडून देवळाकडे जातानाही कोपऱ्यावर काटकोनात वळणार. एकच गोष्ट वाकडी होती. शहरातल्या माणसासमोर त्यांना फार लाज वाटायची. फौजेत भरती झाल्यावर सुरुवातीला कुणीतरी त्यांच्या 'हाय-न्हाई'ला हसलं होतं. ते हसू त्यांनी पुढे इतकी वर्षं खिशात जपून ठेवलं. आळीत ते आमच्यासारखंच बोलत. पण समोर पँटीत शर्ट खोचलेला पाहुणा आला, की हवालदारांचं बोलणंही पँटीत खोचलं जायचं. "आपण चहा घेणार आहात की नाही?" हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं की त्यांच्या आई, आक्काताई, आतून मोठ्यानं विचारायच्या, "कोण आलंय रं, मामलेदार?"

आक्काताई म्हणजे हवालदारांच्या बरोबर उलट. बुटक्या, वाकलेल्या, बोलायला लागल्या की समोर कोण आहे हे बघायची पद्धतच नाही. मालक गेले, शेत वाट्यानं दिलं आणि बैलजोडी विकली, तेव्हा हवालदारांनी राजदूत आणून रिकाम्या गोठ्यात उभी केली. गव्हाण साफ केली, दाव्याच्या खुंटाला हेल्मेट अडकवलं. आक्काताई चार दिवस गोठ्याकडे फिरकल्या नाहीत. पाचव्या दिवशी शेण काढायच्या सवयीनं झाडू घेऊन गेल्या आणि गाडीखालचं तेल पुसून आल्या. तेव्हापासून राजदूत त्यांची झाली. पाखऱ्या नावाचा त्यांचा लाडका बैल होता. सुनेला हाक मारून म्हणायच्या, "विजयमाले, पाखऱ्या आला का गं म्हसवडास्नं?" हा पाखऱ्या पेट्रोल पीत होता, एवढाच फरक.

आमच्याकडे आषाढात बेंदूर असतो. बैलांचा सण. आदल्या दिवशी संध्याकाळी खांदेमळणी. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा राठ झालेला असतो, तो हळद घातलेल्या कोमट तेलानं चोळून मऊ करायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याला कामाला जुंपायचं नाही. बैल गेल्यावरच्या पहिल्या बेंदराला आक्काताई तेलाची वाटी घेऊन गोठ्यात शिरल्या आणि गाडीसमोर उभ्या राहिल्या. प्रश्न एकच होता. गाडीचा खांदा कुठला?

विजयमालावहिनींचं म्हणणं, हँडल. दोन्हीकडं पसरलंय, शिंगांच्या जवळ आहे. हवालदार हसत म्हणाले, टाकी असेल. आक्काताईंनी दोघांनाही उडवून लावलं.

"जोर कोण लावतं रं तुजा? फुडचं चाक का मागचं?"

"मागचं."

"मग खांदा मागं."

फौजेच्या कुठल्याही वर्कशॉपात यापेक्षा नेमका खुलासा मिळाला नसता. फक्त, रबराला तेल लागलं की चाक कातळावर घसरतं, हे हवालदारांनी आईला हात जोडून समजावलं. मग तडजोड झाली. टायरला बोट लावायचं नाही, आतल्या लोखंडी कडीला हळदीचं एकेक बोट. आक्काताईंना हे पटलं नव्हतं. मऊ करायचं ते कोरडं ठेवायचं आणि लोखंडाला तेल चोळायचं, ही कसली मळणी, असं त्या नंतर बरेच दिवस म्हणत होत्या.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे त्र्याण्णव साली, सांगलीच्या एका मोटारसायकल क्लबानं म्हसवडजवळच्या माळावर ट्रायल भरवली. हवालदार गावाला सांगून गेले. तिथंच घोटाळा झाला. न सांगता गेले असते तर बरं झालं असतं. म्हसवडकडचा माळ म्हणजे बाभळीचं माहेर. हवालदार निम्म्याहून जास्त टप्पे पाय न टेकता गेले. मग एका चढावर मागच्या चाकात बाभळीचा काटा शिरला, चाक बसलं, गाडी गाढवासारखी मागं सरली आणि हवालदारांचा पाय जमिनीला लागला. साधासुधा लागला नाही, गुडघ्यापर्यंत खालच्या डबक्याच्या गाळात गेला. वर दोरीपाशी सांगलीचा विश्वजीत नावाचा तरुण उभा होता. चामड्याचं जाकीट, बोटं उघडी राहणारे हातमोजे. तो अगदी मनापासून म्हणाला, "बॅड लक, काका."

त्या 'काका'नं हवालदार वर्षभर झोपले नाहीत.

पुढच्या वर्षीची ट्रायल आषाढात ठेवली होती, कारण आदल्या उन्हाळ्यात परीक्षकांनाच ऊन लागलं होतं. म्हसवडला आषाढातही पाऊस विचारून येतो, म्हणून जागा तीच. आता हवालदारांच्या आयुष्यात एकच काम उरलं: मागचा टायर. तो हलका पाहिजे, नाहीतर गाडी दगडावरून उचलत नाही. मऊ पाहिजे आणि त्यात हवा कमी पाहिजे, म्हणजे तो घोरपडीसारखा कातळाला धरतो. आणि त्यात काटा शिरता कामा नये. पंचाईत अशी, की हलका आणि मऊ टायर काट्याला दार उघडूनच उभा असतो. काटा न शिरणारे टायर होते, दूधवाले वापरायचे ते. पण ते म्हशीच्या पाठीसारखे. दोन्ही बाजूंना कॅन लावून डेअरीवर जायला उत्तम, कातळावर चढायला निघालं की म्हशीसारखेच बसणार.

हवालदारांनी म्हसवडहून काटे आणले. वाळलेले, बोटाएवढे, निवडक. ते एका काडेपेटीत भरले आणि काडेपेटी खिशात घालून ते टायरची दुकानं धुंडाळू लागले. सातारा झालं, कऱ्हाड झालं, शिरवळला कारखान्यातली पोरं गाड्या टायर बदलायला कुठं नेतात ते विचारून तिकडंही झालं. दुकानात जायचं, टायर उचलून बघायचा, अंगठ्यानं दाबायचा, कानाशी धरून वाजवायचा, बैलबाजारात माणूस बैलाचं जे जे करतो ते सगळं करायचं, आणि शेवटी अदबीनं विचारायचं, "जरा टोचून बघितलं तर चालेल ना?" पहिल्या दुकानदाराला वाटलं चेष्टा आहे. पुढं पुढं बातमी हवालदारांच्या आधी पोचू लागली. काडेपेटी खिशातून निघाली की दुकानदार उठून उभे राहायचे.

शेवटी सांगलीला बिराप्पा भेटला. हा जतच्या बाजूचा, जुन्या टायरचा व्यापारी. टायरच्या ढिगावर बसून टायरलाच टेकलेला. हवालदारांचं म्हणणं त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हलकं पायजे, मऊ पायजे, आन टोचलं तर फुटाय नको. आवं, आसली बायकू बी घावत न्हाई, टायर कुठनं घावायचा?" पण तेवढ्यात त्यालाच काहीतरी आठवलं. ढिगात पार तळाशी हात घालून त्यानं एक टायर ओढून काढला. कुणा हौशी माणसाच्या परदेशी गाडीबरोबर आलेला आणि ती गाडी विकल्यावर मागं राहिलेला. चौकोनी गाठी, लोण्यासारखं रबर, उचलला तर हातात नुसती टोपली. बिराप्पा रंगात आला. "टोचा," म्हणाला, आणि विश्वास दाखवायला स्वतःचा अंगठा आतल्या बाजूला धरून बसला.

हवालदारांनी टोचला. बिराप्पा ढिगावरून उतरला.

अंगठा चोखत चोखत त्यानंच मग मार्ग सांगितला. पिठाच्या गिरणीचा जुना कापडी पट्टा असतो ना, तो तासून पातळ करा आणि टायर-ट्यूबच्या मध्ये अस्तर घाला. सगळीकडं नको, जिथं जमिनीला टेकतो तेवढ्या भागाला. म्हणजे वजनही वाढत नाही आणि काटा अस्तरात अडकतो. शेजारच्या गिरणीत पट्टा मिळाला. तिथून हवालदार टायर आणि पट्टा खांद्यावर टाकून हळद बाजारात गेले, कारण आक्काताईंनी निघताना बजावलं होतं, सांगलीला चाललाच आहेस तर हळकुंडं आण, मळणीला लागतील. हळदीच्या तराजूवर त्यांनी नवा टायर पट्ट्यासकट एका पारड्यात आणि तुलनेसाठी बरोबर नेलेला आपला जुना टायर दुसऱ्या पारड्यात टाकला. मूठभर हळकुंडांचा फरक. व्यापारी म्हणाला, बाजारात आजपर्यंत बरंच काही तोललं, ही जात नवीन. टायर घरी आला तो पिवळा होऊनच. आक्काताईंनी तो बघितला आणि मान हलवली. जणू स्थळ हळद लावूनच आलं होतं.

पुढे महिनाभर हवालदार गोठ्यात बसून काचेच्या तुकड्यानं पट्टा तासत होते. कडा इतक्या पातळ केल्या की बोटाला लागू नयेत. नाहीतर काटा राहील बाजूला आणि अस्तरच ट्यूब कापील. अस्तराला ट्यूब घासू नये म्हणून पावडर लागते. ती विजयमालावहिनींच्या डब्यातली गेली. त्यामुळे हवालदारांची गाडी नळावरून गेली की पेट्रोलच्या वासामागून मोगऱ्याचा वास यायचा, आणि वहिनी खाली बघायच्या. पण टायर जमला. हवालदारांनी स्वतः काट्यांचा सडा घालून त्यावरून गाडी नेली, परत आणली, पुन्हा नेली. हवा तशीच. सबंध आळीनं दाबून बघितलं.

स्पर्धा आली ती नेमकी खांदेमळणीच्या दिवशी. रविवारी ट्रायल, सोमवारी बेंदूर. हवालदार शनिवारीच टेम्पोत गाडी टाकून, मला बरोबर घेऊन निघाले. आक्काताई म्हणाल्या, मळणीला गाडी घरी पाहिजे. हवालदार म्हणाले, परत आल्यावर कर. आक्काताई म्हणाल्या, बेंदूर झाल्यावर मळणी करतात का? मग मी येते. यावर हवालदार पहिल्यांदा गडबडले. लांब आहे, ऊन आहे, तिथं बसायला जागा नाही, सगळी शहरातली माणसं असतात. शेवटचं कारण त्यांनी हळू सांगितलं, पण खरं तेच होतं. आक्काताईंना ते ऐकूच गेलं नाही, किंवा गेलं असेल.

रविवारी माळावर हवालदारांनी जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलं. सकाळीच विश्वजीत येऊन भेटला, टायर दाबून बघितला. हवालदारांनी काडेपेटी काढली आणि स्वच्छ, इस्त्रीच्या मराठीत सांगितलं, "हा टायर काट्याला दाद देत नाही. आपण टोचून पाहू शकता." विश्वजीतनं हसून हात जोडले. मुलगा चांगला होता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं जे झालं त्यात त्याचा काहीच दोष नाही. मग टप्पे सुरू झाले. हवालदार दगडांवरून असे गेले, जसं मांजर कौलांवरून जातं. थांबत, विचार करत, एक चाक उचलून जागा बघत. बाभळीच्या फांद्या चाकाखाली मोडल्याचा आवाज यायचा, आम्ही श्वास धरायचो, आणि चाक तसंच गुबगुबीत पुढं जायचं. शेवटचा कातळ राहिला तेव्हा त्यांच्या नावावर दंडाचा एकही गुण नव्हता. विश्वजीतचा एकदाच पाय टेकला होता.

शेवटच्या टप्प्याआधी स्पर्धक सावलीला उभे होते. आणि समोरून, माळावरून, ऊन डोक्यावर घेत आक्काताई आल्या. पहाटेची एसटी धरून, साताऱ्याला बदलून, फाट्यापासून चालत. कासोटा गुडघ्यापर्यंत खोचलेला, पायात धुळीचे मोजे, हातात फडक्यात बांधलेली तेल-हळदीची डबी. त्यांनी मुलाला बघितलंच नाही. त्या सरळ मागच्या चाकाशी गेल्या, खाली बसल्या, टायरवरनं हात फिरवला आणि म्हणाल्या, "लय दमवला रं माज्या पाखऱ्याला." आणि फडकं सोडायला लागल्या.

दोघं-तिघं हसले. वाईट हसले नाहीत, माणूस म्हातारं आणि लहान मूल बघून हसतो तसे. विश्वजीतनं आदरानं विचारलं, "या कोण? तुमच्या कोणी आहेत का?"

हवालदारांचा चेहरा मी बघत होतो. ते गाडीवर होते, दोन्ही पाय फूटरेस्टवर, इंजिन बंद, नळावर उभे राहायचे तसे. मान न वळवता म्हणाले, "नाही नाही. आमच्या आळीतल्या आहेत. जरा भोळ्या आहेत."

आक्काताईंचा हात फडक्याच्या गाठीवर होता तो तिथंच राहिला. मग त्यांनी गाठ परत मारली, घट्ट, दोन वेढे देऊन. उठल्या आणि बाभळीखाली जाऊन बसल्या. मला बघून म्हणाल्या, "पानी हाय का रं?" पाणी दिलं ते त्यांनी प्यायलंही नाही, हातातच धरून बसल्या.

हवालदारांनी शेवटचा कातळ पार केला. पाय टेकला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळी वाजवता आली नाही, तांब्या आक्काताईंच्या हातात होता तरी.

बक्षीस समारंभाला मांडव होता. क्लबानं एक चांगली प्रथा पाडली होती: ज्यानं बक्षीस मिळवलं त्याच्या आईचा शाल-नारळ देऊन सत्कार. दुसरा आला विश्वजीत. त्याच्या आई रेशमी साडीत, हसत मंचावर गेल्या. मग पहिलं बक्षीस. हवालदारांना ढाल मिळाली. माइकवाल्यानं विचारलं, विजेत्यांच्या मातोश्री किंवा घरचं कुणी उपस्थित आहे का? हवालदार ढालीकडे बघत राहिले. ढालीवर बघण्यासारखं काही नव्हतं, एक पितळी मोटारसायकल होती. तेव्हा विश्वजीतनंच, भला माणूस, खालून सांगितलं, "त्यांच्या गावच्या आजी आल्यात. त्यांना बोलवा ना."

सगळा मांडव आक्काताईंकडे वळला. त्या उठल्या. मला वाटलं, आता म्हातारी सगळ्यांसमोर सोलून काढणार. ज्या बाईनं मामलेदाराला तलाठी समजून झाडलं होतं तिला मांडव काय.

"न्हाई ओ सायेब," त्या म्हणाल्या. "आमी आळीतलं. सण हाय, त्यांच्या घरचं कोन येनार? शाल त्यांच्यापाशी द्या. पोचवतील."

म्हणून मग आक्काताईंच्या डोळ्यांदेखत, आक्काताईंची शाल, आक्काताईंना घरी नेऊन द्यायला, त्यांच्या मुलाच्या हातात दिली गेली. माइकवाला म्हणाला, "मातोश्रींना आमचा नमस्कार सांगा." हवालदार म्हणाले, "हो." एवढा बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

नंतरचं मी बघितलं नाही, मी टेम्पोबरोबर मागं राहिलो. आक्काताईंनी ते आळीत इतक्यांदा सांगितलंय की आता मला बघितल्यासारखंच वाटतं.

त्या फाट्याकडे चालत निघाल्या. मागून गाडीचा आवाज आला. हवालदार जवळ आले, पुढं जाईनात आणि थांबेनात. ट्रायलच्या गाडीला मागं सीट नसते. वजन नको म्हणून हवालदारांनी ती कधीच काढून टाकली होती, त्यामुळे बस म्हणायचीही सोय नाही. थोडं अंतर ते चालण्याच्या वेगानं शेजारून गाडी नेत राहिले. त्या वेगानं गाडी नेणं त्यांच्याइतकं महाराष्ट्रात कुणाला येत नसेल. मग एकदम इंजिन बंद केलं, उतरले, आणि गाडी ढकलत चालायला लागले.

"काय झालं रं?"

"पंक्चर झालंय."

आक्काताईंनी चालता चालता वाकून अंगठ्यानं टायर दाबला. बैलाचा खांदा दाबायचा तसा.

"हवा तर हाय की."

हवालदार गाडी ढकलत राहिले. मायलेक आणि मध्ये पाखऱ्या असे बरंच चालले. शेवटी त्यांच्या मागून जीप आली. विश्वजीतची. मागं त्याची गाडी बांधलेली. थांबून त्यानं डोकं बाहेर काढलं. "काय हो हवालदार, शिरला का शेवटी काटा?"

हवालदार म्हणाले, "हो. शिरला आहे."

आता ट्रायलच्या टायरात मुळातच हवा कमी. विश्वजीतनं उतरून दाबला तर दबला. त्यानं लगेच जीपमधून पंप काढला, पंक्चरची पेटी काढली, जाकीट काढून बॉनेटवर टाकलं आणि रस्त्यावर गुडघे टेकून काटा शोधायला लागला. चाक फिरवलं, प्रत्येक गाठ चाचपली, व्हॉल्व्हला थुंकी लावून बुडबुडा बघितला. काटा नाही, बुडबुडा नाही. परत फिरवलं. त्याच्या पांढऱ्या पँटीचे गुडघे काळे झाले. "आश्चर्य आहे," म्हणाला. हवालदार आभाळाकडे बघत होते. इतक्यात मैलाच्या दगडावर बसलेल्या आक्काताई म्हणाल्या, "बारीक आसंल, सायेब. बारीक काटा लवकर घावत न्हाई."

दुसऱ्यांदा. एकाच दिवसात त्या बाईनं पोराचं खोटं दुसऱ्यांदा पदराखाली घेतलं होतं.

हवालदारांनी गाडी स्टँडवर लावली. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते पँटीत खोचलेलं नव्हतं.

"उठा, इश्वजीतराव. पंक्चर न्हाई. टायरला काय बी झाल्यालं न्हाई." आणि मग, "ही माजी आय हाय. मगाशी खोटं बोललो. मळणी कराय आल्ती, मला लाज वाटली."

विश्वजीत गुडघ्यांवरच राहिला. त्यानं तिथूनच आक्काताईंच्या पायांना हात लावला. आक्काताई म्हणाल्या, "आसूंदे, आसूंदे. आळीतली बी हायच की मी. खोटं न्हाई बोलला त्यो, निम्मं बोलला."

हवालदारांनी पिशवीतून शाल काढली आणि आईच्या खांद्यावर घालायला गेले. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून काठ बघितला, आणि उन्हात मला कशाला म्हणून राजदूतच्या टाकीवरून मागं पसरून टाकली. बेंदराला बैलावर झूल घालतात तशी. मग फडक्याच्या गाठी सोडल्या. डबी उघडली.

"घसरत आसंल तर राहूंदे," म्हणाल्या.

"चोळ, आये," हवालदार म्हणाले. "सगळ्याला चोळ."

विश्वजीतनं चाक फिरवत धरलं आणि आक्काताईंनी इतके दिवस मनात अडून राहिलेली मळणी केली. लोखंडाला नाही, रबराला. प्रत्येक गाठीच्या कडेनं, बोटं घालून, निवांत. जो टायर हलका मिळावा म्हणून चार गावं झाली, ज्याच्यासाठी बिराप्पाचा अंगठा गेला, तो पिवळाधमक, तुळतुळीत होऊन उन्हात चमकायला लागला. आता त्यावर बसून कातळ तर सोडाच, डांबरी रस्त्यावरचं वळणही घेता आलं नसतं. विश्वजीत म्हणाला, गाडी जीपमध्ये घालू, आजींनाही बसवू. आक्काताई म्हणाल्या, मळणी झालेल्या जनावराला लादत नाहीत, हातानं नेतात.

म्हणून फाट्यावर न थांबता, म्हसवडच्या बाजारातून, रविवारच्या भर गर्दीत, हवालदार झूल घातलेली मोटारसायकल हातानं धरून चालत गेले. लोक हसत होते. पोरं मागं लागली होती. हवालदारांची मान खाली होती, कान लाल झालेले, पण ते चालत होते, आणि पाय टेकत होते.

स्टँडवर साताऱ्याची गाडी लागली होती. कंडक्टरनं आक्काताईंना हात देऊन वर घेतलं आणि विचारलं, "आजी, बरोबर कोण हाय का तुमच्या?"

आक्काताईंनी खिडकीतून खाली बघितलं. हळदीनं हात भरलेला पोरगा गाडीचं हँडल धरून उभा होता.

"हाय की," त्या म्हणाल्या. "आमच्या आळीतला हाय. जरा भोळा हाय."